पाणी बदलल्यानंतरची वर्षे
मध्य प्रदेशाच्या लोक स्वास्थ्य यांत्रिकी मंत्र्यांस खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ


पिण्याच्या पाण्यातून माणसाला होणारी इजा दोन प्रकारची असते, आणि शासनयंत्रणेची बहुतेक सारी तयारी त्यांपैकी एकाच प्रकारासाठी झालेली असते. पहिला प्रकार जंतूंचा. २०२५ च्या डिसेंबरअखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात मैला मिसळला तेव्हा काही दिवसांतच घरोघर उलट्या-जुलाब सुरू झाले, माणसे दगावली, शेकडो रुग्ण इस्पितळांत दाखल झाले आणि कारण व परिणाम यांचा संबंध शोधण्यासाठी कोणत्याही संशोधनाची गरज उरली नाही. दुसरा प्रकार पाण्यात विरघळलेल्या विषारी द्रव्यांचा. त्यात ताप नसतो, जुलाब नसतात, पाण्याला रंग, वास वा चव नसते, आणि पाणी पिण्यास आरंभ झाल्यापासून रोग ओळखला जाईपर्यंत एक पिढी उलटून जाते. प्रस्तुत पत्र या दुसऱ्या प्रकारातील एका द्रव्याविषयी, म्हणजे आर्सेनिकविषयी आहे. ज्याचे ऑक्साइड वैद्यकात सोमल आणि ज्याचे गंधकाशी झालेले पिवळे संयुग हरताळ म्हणून आपल्याकडे पूर्वापार ठाऊक आहे, ते हे मूलद्रव्य थोड्या मात्रेत वर्षानुवर्षे पोटात जात राहिले की पेशीच्या चयापचयात, म्हणजे अन्न मोडून ऊर्जा मिळवण्याच्या आणि त्यातून स्वतःचे नवे घटक घडवण्याच्या तिच्या नित्य व्यवहारात, काय बिघडते आणि त्या बिघाडातून कर्करोगाची वाट कशी मोकळी होते, हे येथे सविस्तर मांडले आहे. विषय प्रयोगशाळेचा वाटला तरी विभागाने कोणती नोंद किती वर्षे जपावी याचे उत्तर त्यातच आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंदूरच्या पाण्यात आर्सेनिक आहे असा दावा या पत्रात केलेला नाही. शहराला १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी मिळते, आणि माळव्याच्या भूगर्भातील काळा बेसॉल्ट हा आर्सेनिकसाठी कुप्रसिद्ध असलेला खडक नव्हे. हे पत्र इंदूरहून लिहिले जाण्याचे कारण वेगळे आहे. आर्सेनिकने दूषित झालेल्या पाण्याची एक नोंद जेथे झाली, तो प्रदेश त्या वेळी याच राज्याचा भाग होता.

१९९९ साली कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात राजनांदगाव जिल्ह्यातील अंबागढ चौकी भागातल्या भूजलाविषयी निबंध प्रसिद्ध केला. कौडीकसा या गावातील आणि आसपासच्या काही विहिरींच्या व नलकूपांच्या पाण्यात आर्सेनिक मर्यादेच्या कित्येक पटींनी आढळले होते, आणि ते पाणी पिणाऱ्यांच्या तळहातांवर व तळपायांवर कठीण गाठी, छातीपाठीवर पावसाचे थेंब पडून सुकावेत तसे काळे-पांढरे ठिपके दिसत होते. बंगालमध्ये हिमालयातून वाहून आलेल्या गाळातील लोहकणांना चिकटलेले आर्सेनिक पाण्यात सुटते. कौडीकशात मात्र तसा गाळ नाही. तेथे डोंगरगड-कोटरी पट्ट्यातील प्राचीन ज्वालामुखीजन्य आणि ग्रॅनाइट खडकांतूनच ते पाझरते. त्यामुळे ‘गंगेच्या खोऱ्याबाहेर आर्सेनिकचा प्रश्न नाही’ हा समज त्याच वर्षी मोडायला हवा होता. पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि हा प्रश्नही कागदोपत्री तिकडे गेला. आज ते गाव मोहला-मानपूर-अंबागढ चौकी या २०२२ मध्ये झालेल्या जिल्ह्यात मोडते, ज्याची पश्चिम सीमा महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्याला भिडते. राज्याची सीमा एका रात्रीत बदलता येते, परंतु त्या गावांतील माणसांच्या शरीरात जे आर्सेनिक गेले होते ते मध्य प्रदेशाच्या काळात, या विभागाच्या कार्यक्षेत्रातील विहिरींमधून गेले होते. त्याचे परिणाम आजही मोजले जायला हवेत असे म्हणण्याला आधार आहे तो पेशीशास्त्राचा.

पाण्यात आर्सेनिक मुख्यतः दोन रूपांत असते. हवेशी संपर्क असलेल्या पाण्यात ते आर्सेनेट या रूपात आढळते, आणि खोल, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात आर्सेनाइट या रूपात. ही दोन रूपे पेशीला दोन वेगळ्या मार्गांनी फसवतात. आर्सेनेटची ठेवण फॉस्फेटशी इतकी मिळतीजुळती आहे की फॉस्फेट आत घेणाऱ्या पेशीच्या दारातून तेही सहज आत शिरते. पेशी आपली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठवते, आणि त्या रेणूची सारी शक्ती त्याला जोडलेल्या फॉस्फेटच्या दुव्यांत असते. त्या जागी आर्सेनेट बसले तर दुवा तयार होतो, पण क्षणात पाण्याच्या स्पर्शाने तुटतो, आणि ऊर्जा हाती न लागता उष्णतेच्या रूपाने निघून जाते. साखर मोडण्याच्या साखळीतही एका टप्प्यावर हाच प्रकार घडतो. साखळी पुढे चालू राहते, परंतु त्या टप्प्यावर मिळायचा एटीपी मिळत नाही. बाजारात खोटे नाणे चालावे आणि दिवसअखेर गल्ला मोजताना तूट निघावी, तशी पेशीची ही स्थिती होते.

आर्सेनाइटची गत वेगळी. त्याचे गंधकाशी विलक्षण सख्य आहे. प्रथिनांमध्ये जेथे जेथे गंधकाचे अणू जवळजवळ असतात, तेथे ते घट्ट बसते. केस, नखे आणि त्वचेचा वरचा थर यांतील केराटिन हे प्रथिन गंधकाने समृद्ध असते, म्हणून शरीरात शिरलेले आर्सेनिक नखांत आणि केसांत साठते, आणि म्हणूनच पाण्याचा स्रोत बदलून काही महिने झाले असले तरी नखांच्या तपासणीतून मागचा संपर्क कळू शकतो. पेशीच्या आत या सख्याचा मोठा फटका बसतो तो पायरुवेट डीहायड्रोजिनेज या विकरसमूहाला. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. साखर अर्धवट मोडल्यावर जे पायरुवेट तयार होते ते सूत्रकणिकांत, म्हणजे पेशीच्या ऊर्जा निर्माण करणाऱ्या अवयवांत, नेऊन प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण जाळण्याची पहिली पायरी हा विकरसमूह पार पाडतो, आणि त्यासाठी तो लिपोइक आम्ल नावाचा, दोन गंधक-अणू शेजारी शेजारी असलेला साहाय्यक रेणू वापरतो. आर्सेनाइट नेमके त्या दोन अणूंना पकडते. ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा शोधताना याच पकडीचा उपयोग करून घेतला, आणि शेजारी दोन गंधक-अणू असलेले औषध बनवले, जेणेकरून विष विकराला सोडून औषधाला चिकटेल.

हे झाले तीव्र विषबाधेचे गणित. कौडीकशासारख्या ठिकाणी प्रश्न त्याहून सूक्ष्म असतो, कारण तेथे विषाची मात्रा पेशीला मारण्याइतकी नसते. पेशी जगते, आणि जगण्यासाठी आपला व्यवहार बदलते. सगळा घात या जुळवून घेण्यात आहे.

हा बदल समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले की कर्कपेशी भरपूर प्राणवायू उपलब्ध असतानाही साखर पूर्ण न जाळता अर्धवट मोडतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. साधी पेशी असे फक्त प्राणवायूच्या टंचाईत करते, जसे धावताना स्नायू करतात. अर्धवट मोडण्यात ऊर्जा फारच कमी मिळते, म्हणून हा व्यवहार वरवर तोट्याचा वाटतो. पण ज्या पेशीला सतत विभागायचे आहे तिला ऊर्जेइतकीच नवे डीएनए, नवे पटल, नवी प्रथिने घडवण्यासाठी कच्च्या मालाची गरज असते, आणि साखरेच्या अर्धवट मोडलेल्या तुकड्यांतून तो माल मिळतो. पूर्ण जाळली तर राख उरते, अर्धवट मोडली तर बांधकामाला विटा मिळतात. या व्यवहाराला वारबुर्ग परिणाम म्हणतात.

२०१३ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी मानवी श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींना लिटरमागे सुमारे ७५ मायक्रोग्रॅम आर्सेनाइट असलेल्या द्रवात दीर्घकाळ वाढवले. ही मात्रा अनेक दूषित विहिरींच्या पाण्यातील आर्सेनिकपेक्षा जास्त नाही, आणि त्या पेशी कर्करोगाच्या नव्हत्या. तरीही त्यांनी वारबुर्ग परिणाम दाखवला. साखरेचा वापर वाढला, लॅक्टिक आम्ल वाढले, आणि या साऱ्यामागे हिफ-१ अल्फा नावाचे प्रथिन साठलेले आढळले. हे प्रथिन पेशीचा प्राणवायूचा पहारेकरी आहे. प्राणवायू पुरेसा असताना काही विकरे त्यावर खूण करतात आणि पेशी ते तत्काळ नष्ट करते. प्राणवायू कमी पडला की खूण होत नाही, प्रथिन टिकते आणि पेशीला अर्धवट मोडणीच्या वाटेवर नेते. या यंत्रणेच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आर्सेनिकच्या सान्निध्यात प्राणवायू भरपूर असूनही हे प्रथिन नष्ट होत नाही, म्हणजे पेशी एका खोट्या टंचाईत जगू लागते.

येथे एक शंका घेतली पाहिजे, आणि ती जाणकार वाचकांच्या मनात आलीच असेल. चयापचयातला हा बदल कर्करोगाचे कारण आहे की केवळ त्याच्यासोबत येणारी खूण? त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी आर्सेनिक देताना हिफ-१ अल्फाचे प्रमाण जनुकीय उपायांनी मुद्दाम कमी ठेवले, तेव्हा पेशींनी आधार सोडून तरंगत वाढण्याची, म्हणजे कर्कपेशींना ओळखण्याची एक जुनी कसोटी असलेली, क्षमता बऱ्याच अंशी मिळवली नाही. प्रयोगशाळेच्या बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य करूनही, चयापचयातील बदल हा या वाटेवरील निव्वळ प्रवासी नसून वाट मोकळी करणाऱ्यांपैकी एक आहे, असे मानण्यास हा पुरावा पुरेसा बलवान आहे.

दुसरा बदल पेशीच्या संरक्षणव्यवस्थेतला. आर्सेनिकमुळे पेशीत प्राणवायूची आक्रमक रूपे, म्हणजे ज्यांना मुक्त मूलक म्हणतात ती, निर्माण होतात. त्यांना आवरण्यासाठी एनआरएफ-२ नावाचे प्रथिन जागे होते आणि रक्षक रेणू तयार करण्याची आज्ञा देते. थोडा काळ हे उपकारकच असते. परंतु आर्सेनिक पेशीतील टाकाऊ मालाची विल्हेवाट लावण्याची प्रक्रिया अडवते, त्यामुळे एनआरएफ-२ ला पुन्हा शांत करणारी व्यवस्था निकामी होते आणि ते कायम जागे राहते. कायम जागे असलेले हे प्रथिन साखरेचा ओघ अशा एका मार्गाकडे वळवते जेथून डीएनएचे घटक तयार होतात, आणि अशा पेशीला रसायनोपचाराची औषधेही सहजी मारू शकत नाहीत. तिच्याच कवचाने ती निर्ढावलेली असते.

तिसरा बदल सर्वांत दूरगामी आहे. शरीर आर्सेनिक बाहेर टाकते ते त्याला मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन असलेला छोटा रासायनिक तुकडा, जोडून. यकृतातील एक विकर हे काम करते आणि जोडलेले आर्सेनिक लघवीवाटे निघते. हे मिथिल गट ज्या रेणूकडून उसने घेतले जातात, त्याच रेणूकडून पेशी डीएनएवर खुणा करण्यासाठीही मिथिल गट घेते. कोणते जनुक वाचायचे आणि कोणते झाकून ठेवायचे हे त्या खुणांवरून ठरते. वर्षानुवर्षे आर्सेनिकसाठी हा साठा खर्च होत राहिला की डीएनएच्या मोठ्या भागावरील खुणा विरळ होतात, आणि त्याच वेळी काही मोक्याच्या ठिकाणी त्या दाट होतात. जुन्या पोथ्यांमध्ये चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप लावून ती झाकण्याची रीत होती. अक्षरे खाली तशीच असत, वाचता मात्र येत नसत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला, आणि तो हरताळ म्हणजे आर्सेनिकचेच संयुग. पेशीतही असेच घडते. २००६ मध्ये कोलकात्याच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधील आर्सेनिकबाधित लोकांच्या रक्तातून मिळालेल्या डीएनएची तपासणी करून दाखवले की पी-५३ आणि पी-१६ या, पेशींच्या अनियंत्रित वाढीला आळा घालणाऱ्या, जनुकांच्या आरंभस्थानी मिथिल खुणा वाढलेल्या होत्या, आणि हे ज्यांना अद्याप कर्करोग झालेला नव्हता अशांमध्येही आढळले. अक्षरे बदललेली नव्हती, झाकली गेली होती. आर्सेनिक हे डीएनएची अक्षरे थेट बदलणारे प्रबळ द्रव्य नव्हे, ही गोष्ट संशोधकांना बराच काळ कोड्यात टाकत होती, आणि तिचे उत्तर बऱ्याच अंशी या झाकण्यात आहे.

अक्षरे बदलतातही, परंतु आडवाटेने. पार्प-१ नावाचे दुरुस्तीचे प्रथिन डीएनएतील तुटी शोधते, आणि त्यासाठी त्याच्यात जस्ताचा अणू गंधकांच्या मुठीत धरलेला असतो. आर्सेनाइट तो जस्ताचा अणू हुसकावून त्या जागी बसते. दुरुस्ती मंदावली की सूर्याची जंबुपार किरणे किंवा तंबाखूचा धूर यांनी झालेली इजा साठत जाते. विडी ओढणाऱ्याने आर्सेनिकचे पाणी प्यायले तर दोन्ही विषे एकमेकांचे काम सोपे करतात, हे ग्रामीण आरोग्यसेवकांनी लोकांना सांगितले पाहिजे.

या साऱ्याचा विभागाच्या कामाशी संबंध एका शब्दात आहे: काळ. वर सांगितलेले बदल पेशीच्या सवयी आहेत, आणि सवय कारण नाहीसे झाल्यावरही राहते. उत्तर चिलीतील अँटोफागास्टा या शहराला १९५८ मध्ये आर्सेनिकने भरलेल्या नदीचे पाणी पुरवण्यास आरंभ झाला, ज्यात लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते, आणि १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र उभे राहून ते पाणी थांबले. संपर्क मोजून बारा वर्षांचा. फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र पाणी शुद्ध झाल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी कळसाला पोहोचले आणि चाळीस वर्षांनंतरही आर्सेनिकचा संपर्क नसलेल्या प्रदेशापेक्षा जास्त राहिले. जे त्या बारा वर्षांत गर्भात किंवा बाल्यावस्थेत होते, त्यांच्यात तरुण वयातच फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढलेले आढळले. उंदरांवरील प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. २००३ मध्ये अमेरिकेतील मायकेल वॉक्स यांच्या गटाने गाभण उंदीरमाद्यांना फक्त दहा दिवस आर्सेनिकचे पाणी दिले. पिल्लांना जन्मानंतर कधीच दिले नाही. तरीही मोठेपणी त्यांच्या यकृतात, फुप्फुसांत, अंडाशयात गाठी झाल्या. तेथील मात्रा माणसाच्या पिण्याच्या पाण्यातील मात्रेपेक्षा पुष्कळ मोठी होती हे खरे, परंतु जन्मापूर्वीचे काही दिवसही पुरतात, ही बाब त्याने ढळत नाही.

म्हणून ‘पाणी बदलले, प्रश्न मिटला’ ही समजूत शास्त्राला धरून नाही. हे लिहिताना पाणी बदलण्याचे महत्त्व यत्किंचितही कमी करायचे नाही. अँटोफागास्टात शुद्धीकरण झाले नसते तर मृत्यूंची संख्या याहून भयंकर झाली असती, आणि संपर्क जितका लवकर थांबेल तितकी पुढची हानी कमी होते. मुद्दा एवढाच की पाणी बदलल्यावर काम संपत नाही, आणि ते कोणी पुढे न्यायचे हे आजवर कोणत्याही शासकीय आदेशात ठरलेले दिसत नाही.

एका आनुषंगिक गोष्टीचाही उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण तिच्यातून लोकांचा गैरसमज होऊ शकतो. हेच आर्सेनिक, त्याच्या ट्रायऑक्साइड रूपात, एका विशिष्ट रक्तकर्करोगावर अत्यंत गुणकारी औषध आहे, आणि चीनमधील हार्बिन येथे १९७० च्या दशकात सुरू झालेल्या कामातून ते जगभर पोहोचले. तेथे ते रोगाला कारण ठरलेल्या एका विकृत प्रथिनाला पकडून नष्ट करते, आणि ते मोजून, रुग्णालयात, ठरावीक काळ दिले जाते. यावरून सोमलाच्या गोळ्या किंवा भस्मे शरीराला बळ देतात असा निष्कर्ष काढणे घातक आहे.

आता विभागाकडे मागणे. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची भारतीय मानकातील मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही तीच, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय यांचा कर्करोग होतो असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. गावोगाव पोहोचलेले तपासणी संच पट्टीच्या पिवळ्या-तपकिरी रंगावरून अंदाज देतात, आणि १० मायक्रोग्रॅमच्या आसपास डोळ्याला तो रंग ओळखणे अवघड जाते. त्यामुळे राज्यातील प्रत्येक पिण्याच्या बोअरचा आणि हँडपंपाचा नमुना निदान एकदा अणुशोषण वर्णपटमापकासारख्या उपकरणाने तपासला जावा, विशेषतः ग्रॅनाइटाच्या आणि सल्फाइड खनिजांच्या पट्ट्यांत. उन्हाळ्यात इंदूरसारख्या शहरांना टँकरने जे बोअरचे पाणी पुरवले जाते, त्याचाही यात समावेश व्हावा. निकाल ग्रामसभेत वाचून दाखवला जावा आणि दूषित पंपाला, बंगालमध्ये झाले तसे, लाल रंग दिला जावा. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते, हे त्याच वेळी सांगितले जावे, कारण जंतूंच्या भीतीने गावकरी पहिला उपाय तोच करतात.

शास्त्रीय साधनांची कमतरता या राज्यात नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी खडकातील किंवा मातीतील आर्सेनिक कोणत्या रासायनिक रूपात आहे हे ओळखता येते, आणि ते रूप कळले की कोणती गाळणी चालेल हे ठरवणे सोपे जाते. वैद्यकीय बाजूचे काम इंदूरचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि भोपाळची राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था यांना मिळून करता येईल. आहाराचाही विचार त्यात यावा. बांगलादेशातील चाचणीत फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी, ज्यांच्यात त्याची कमतरता होती अशांच्या रक्तातील आर्सेनिकचे प्रमाण घटले, कारण मिथिल गटांचा पुरवठा सुधारला. स्वच्छ पाण्याला हा पर्याय नव्हे, पण आशाताईंच्या थैलीत जी गोळी गरोदर बाईसाठी आधीपासून आहे तिचे आणखी एक मोल त्यातून कळते.

सर्वांत महत्त्वाची मागणी मात्र नोंदीची आहे, आणि तिला या राज्यात पूर्वोदाहरण आहे. १९८४ च्या वायुगळतीनंतर भोपाळमध्ये गांधी वैद्यकीय महाविद्यालयात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू करण्यात आली, कारण एका रात्रीच्या संपर्काचे परिणाम पुढच्या दशकांत शोधावे लागतील हे तेव्हाच्या जाणत्यांना उमगले होते. कौडीकशाचा संपर्क एका रात्रीचा नव्हता. तेथे वर्षानुवर्षे रोज, प्रत्येक पेल्यातून तो घडला. १९९० च्या दशकातील त्या परिसराच्या पाणी-तपासण्यांचे आणि खोदलेल्या नलकूपांचे जे काही अभिलेख भोपाळच्या कार्यालयांत असतील, ते शोधून छत्तीसगड शासनाच्या हवाली करावेत. त्या आधारे दोन्ही राज्यांनी, आणि सीमेपलीकडील रुग्ण नागपूर वा गडचिरोलीच्या दवाखान्यात पोहोचू शकतात म्हणून महाराष्ट्रानेही, कोणत्या गावात कोणत्या वर्षी कोणी कोणते पाणी प्यायले याची एक सामाईक नोंदवही ठेवावी. कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर ‘लहानपणी पाणी कुठले’ हा एक रकाना असावा. आज तो नाही, म्हणून मूत्राशयाच्या गाठीने आलेल्या माणसाला तंबाखूविषयी विचारले जाते आणि विहिरीविषयी विचारले जात नाही.

१९९९ मध्ये कौडीकशात पाच वर्षांचे असलेले मूल आज तिशी ओलांडून गेले आहे. कदाचित ते मजुरीसाठी इंदूर, पुणे किंवा सुरतेला असेल आणि त्याला आपल्या लहानपणच्या विहिरीविषयी काहीही ठाऊक नसेल. अँटोफागास्टातील आकडे पाहता त्याच्या आयुष्यातील धोक्याची वर्षे आता सुरू होत आहेत. त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याची विहीर याच वर्षी नोंदवली जावी, आणि पुढची तीस वर्षे ती नोंद कोणत्याही सीमेने वा बदलीने तुटू नये, अशी विभागास कळकळीची विनंती आहे.

कळावे.

इंदूर येथील एक मराठी नागरिक